पश्चिम आफ्रिकेतील लोकप्रतिनिधीची कारकीर्द मराठीत कशी लिहावी

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, मुक्त विद्यापीठाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी प्रकल्प लिहिणारे नोकरदार आणि मराठी ज्ञानकोशांत हौसेने नोंदी भरणारे निवृत्त शिक्षक, अशा तिन्ही प्रकारच्या मंडळींची टिपणे गेली काही वर्षे माझ्याकडे तपासायला येतात. त्यांपैकी आफ्रिकेतील राजकीय व्यक्तींवरची टिपणे बहुधा एकाच साच्यातून निघालेली असतात: जन्म, शिक्षण, अमुक साली निवड, तमुक साली मंत्रिपद, शेवटी सभापतिपद. यादी बरोबर असते, तरीही वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण त्या पदाला त्या देशात काय अर्थ आहे हे लिहिणाऱ्यानेच विचारलेले नसते. मग वाचक मुंबईच्या विधानभवनातला अर्थ तिथे चिकटवतो आणि टिपणातील प्रत्येक वाक्य खरे असूनही समज मात्र चुकीची होते.

म्हणून माझा आग्रह असा असतो की आधी सभागृह समजून घ्यावे आणि माणसाकडे नंतर वळावे. ही पद्धत कशी वापरायची ते घानाचे अल्बन बागबिन यांच्या उदाहरणाने सांगतो. ते १९९३ ते २०२१ अशी सलग अठ्ठावीस वर्षे संसद सदस्य होते आणि २०२१ मध्ये संसदेचे सभापती झाले, त्यामुळे त्यांच्या एका कारकिर्दीत शिकण्यासारखे बहुतेक प्रश्न येऊन जातात.

सभागृहाचा ताळेबंद आधी

कागदाच्या डोक्यावर पहिल्या चार ओळी त्या देशाच्या संसदेविषयी लिहाव्यात, मग त्या अंतिम टिपणात राहोत वा न राहोत. सभागृहे किती, जागा किती, मुदत किती वर्षांची, आणि मंत्री सदस्यांतून होतात की बाहेरून, एवढे कळले तरी पुढचे अर्धे काम सोपे होते. घानाची संसद एकसदनी आहे. सध्याची घटना १९९२ ची असून चौथे प्रजासत्ताक ७ जानेवारी १९९३ रोजी सुरू झाले. तेव्हा २०० जागा होत्या. २००५ पासून २३०, २०१३ पासून २७५ आणि २०२५ पासून २७६ झाल्या. मुदत चार वर्षांची. जागांचा हा वाढता आकडा हाताशी नसेल, तर एखाद्या पक्षाला १८९ जागा मिळाल्या म्हणजे तो जिंकला की थोडक्यात अडकला हेही सांगता येत नाही.

मंत्रिपदाचा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो. घानात राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, पण घटनेच्या ७८ व्या कलमाप्रमाणे बहुसंख्य मंत्री संसद सदस्यांमधून घ्यावे लागतात आणि मंत्री झाल्यावरही त्यांचे सदस्यत्व टिकते. त्याच किनाऱ्यावरील नायजेरियात नेमके उलटे आहे: तिथे १०९ सदस्यांचे सिनेट आणि ३६० सदस्यांचे प्रतिनिधिगृह अशी दोन सभागृहे आहेत आणि सदस्याने केंद्रीय मंत्रिपद स्वीकारले की त्याची जागा रिकामी होते. म्हणजे ‘अमुक साली मंत्री झाले’ हे एकच वाक्य घानाच्या सदस्याबाबत बढती सांगते, तर नायजेरियाच्या सदस्याबाबत संसदेतील कारकिर्दीचा शेवट सांगते. आपल्याकडे सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात निवडून यावे लागते, ही तिसरीच तऱ्हा झाली. तिन्ही डोक्यात वेगवेगळ्या ठेवल्याशिवाय लेखणी उचलू नये.

इतर देशांच्या बाबतीतही असे छोटे खाचखळगे आहेत. सेनेगालमध्ये सिनेट कधी होते, कधी नव्हते; ते २०१२ मध्ये रद्द झाले, त्यामुळे एखाद्याच्या नावापुढे ‘माजी सिनेटर’ दिसले तर साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सियेरा लिओनच्या संसदेत पारंपरिक प्रमुखांसाठी चौदा वेगळ्या जागा असतात. लायबेरियात सिनेटरची मुदत तब्बल नऊ वर्षांची आहे. फुटबॉलपटू जॉर्ज वेआ तिथे २०१४ च्या निवडणुकीत सिनेटर झाले आणि ती मुदत पुरी होण्याआधीच, २०१८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदावर गेले.

मतदारसंघाचे नाव आणि गाव

बागबिन यांच्या मतदारसंघाचे नाव कुठे नाडोली उत्तर, कुठे नाडोली पश्चिम, तर कुठे नाडोली-कालेओ असे आढळते. एका विद्यार्थ्याने त्यावरून ‘त्यांनी तीनदा मतदारसंघ बदलला’ असे लिहिले होते. मी त्याला सुरगाण्याची आठवण करून दिली. जे. पी. गावित सुरगाण्यातून वर्षानुवर्षे निवडून येत होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर सुरगाणा हा स्वतंत्र मतदारसंघच राहिला नाही आणि २०१४ मध्ये ते कळवणमधून विधानसभेत गेले. माणूस तोच, डोंगर तेच, नाव बदलले. खुद्द नाशिक शहराचेही तसेच झाले; आज आपण पूर्व, मध्य आणि पश्चिम असे सहज म्हणतो, पण पुनर्रचनेपूर्वीच्या निकालांत ही विभागणी शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही. घानाच्या मतदारसंघांबाबत हीच शंका आधी घ्यावी, आणि सदस्याने जागा बदलली असे नकाशा व सीमा पाहिल्यानंतरच लिहावे.

मतदारसंघाविषयी दोन वाक्ये अवश्य असावीत. नाडोली घानाच्या अपर वेस्ट प्रदेशात आहे. हा प्रदेश १९८३ मध्ये वेगळा झाला आणि त्याचे मुख्य ठिकाण वा हे शहर आहे, जे राजधानी अक्रापासून रस्त्याने सुमारे सातशे किलोमीटरवर पडते. दक्षिण घानात पावसाचे दोन हंगाम असतात, उत्तरेत एकच. शेतीची अनिश्चितता, शिया झाडाच्या बियांवर चालणारे बायकांचे उत्पन्न, रोजगारासाठी दक्षिणेकडे जाणारी तरुण मुले, हे सगळे त्या एका वाक्यात दडलेले आहे. आपल्या जिल्ह्यातील लासलगाव-निफाडच्या आमदाराविषयी लिहिताना कांद्याचा भाव वगळला तर चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला की पुरेसे आहे. (घानातला बराचसा कांदा नायजर आणि बुर्किना फासोतून येतो आणि तिथेही तो महागला की ओरड होते, पण हा मोह आवरावा, टिपण माणसाचे आहे.)

उमेदवारी कशी मिळते हेही पाहावे. आपल्याकडे ‘तिकीट कापले’ म्हणताना डोळ्यांसमोर श्रेष्ठींची बैठक येते. घानाच्या दोन्ही मोठ्या पक्षांत उमेदवार ठरवण्यासाठी मतदारसंघातील पक्षप्रतिनिधींचे मतदान होते आणि विद्यमान सदस्य तिथेच पराभूत होणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून एखाद्याची कारकीर्द सार्वत्रिक निवडणुकीचा पराभव न होताच संपलेली दिसली, तर पक्षांतर्गत मतदानाचा निकाल शोधावा. बागबिन यांचे कारण वेगळे होते: त्यांनी २०१९ मध्ये पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, जॉन महामा यांच्यापुढे ती मिळाली नाही, आणि २०२० मध्ये ते आपल्या जागेसाठी उभे राहिले नाहीत.

मधला कोरा काळ

पश्चिम आफ्रिकेतील जुन्या पिढीच्या लोकप्रतिनिधींची कारकीर्द लिहिताना मधली काही वर्षे कोरी दिसतात. मराठी लिहिणारा ती वर्षे ‘पराभवामुळे राजकारणापासून दूर’ अशा शब्दांनी भरून टाकतो. घानात २४ फेब्रुवारी १९६६, १३ जानेवारी १९७२ आणि ३१ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी उठाव झाले आणि प्रत्येक वेळी संसदच संपली. नायजेरियात १९६६ मध्ये आणि १९८३ च्या अखेरीस तेच घडले. सभागृहच नसेल तर पराभव कसला? माझा एक साधा उपाय आहे. कागदाच्या डाव्या कडेला त्या देशाच्या संसदेची वर्षे उभी लिहावीत, जिथे संसद नव्हती तो पट्टा पेन्सिलीने काळा करावा आणि मग उजवीकडे व्यक्तीची वर्षे भरावीत. काळ्या पट्ट्यात एखादे पद येऊन बसले तर ते लष्करी राजवटीतील नेमणुकीचे पद असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची भाषा वेगळी हवी: तिथे ‘निवडून आले’ नको, ‘नेमले गेले’ हवे.

‘बिनविरोध’ हा शब्दही असाच जपून वापरावा. नाशिककरांच्या कानाला तो गोड वाटतो, कारण चीनच्या युद्धाच्या दिवसांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले, ही आठवण इथे अभिमानाने सांगितली जाते. घानात १९६५ मध्ये सगळेच सदस्य बिनविरोध निवडून आले, पण त्याचे कारण १९६४ पासून तिथे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचा एकच पक्ष कायदेशीर उरला होता हे होते. शब्द एक, प्रसंग दोन टोकांचे. तिथे ‘बिनविरोध’ लिहिल्यावर त्याच वाक्यात कारण द्यावे, पुढच्या परिच्छेदावर सोडू नये.

याच नियमाने बागबिन यांची पहिली निवडणूकही नुसती ‘विजयी’ म्हणून सोडता येत नाही. डिसेंबर १९९२ च्या त्या संसदीय निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला होता आणि तेव्हाचे लष्करी शासक रॉलिंग्ज यांच्या नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसला (एनडीसी) २०० पैकी १८९ जागा मिळाल्या. एनडीसी हाच बागबिन यांचा पक्ष. हे सांगितल्याने त्यांचे पुढचे सहा विजय लहान होत नाहीत. उलट ते विरोधकांसमोर मिळालेले असल्याने अधिक ठळक दिसतात.

आणखी एक बारकावा. निवडून येणे आणि सदस्य होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ १९८५ मध्ये सिनेटवर निवडून आल्या, पण त्या निवडणुकीतील गैरप्रकारांच्या निषेधार्थ त्यांनी आपली जागा घेतलीच नाही. त्यांना ‘१९८५ पासून सिनेटर’ म्हणणे चूक आहे आणि ती निवड गाळणेही चूक आहे. सेनेगालचे ब्लेझ दियान्य यांच्याविषयी लिहिताना सभागृह कुठले हे सांगावे लागते, कारण १९१४ मध्ये ते निवडून गेले ते पॅरिसच्या प्रतिनिधिगृहात. मराठी वाचकाला लगेच दादाभाई नौरोजी आठवतील. तुलना जरूर करावी, पण फरकासह: दादाभाईंना १८९२ मध्ये लंडनच्या मतदारांनी निवडले, तर दियान्य यांना सेनेगालमधल्या सेंट-लुई, डाकार, गोरे आणि रुफिस्क या चार नगरांच्या मतदारांनी.

पदांना मराठी शब्द

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तपासायला येणाऱ्या टिपणांत लाल शाई सर्वाधिक याच जागी खर्च होते.

महाराष्ट्रात विधानसभेला अध्यक्ष असतो आणि विधान परिषदेला सभापती. त्या हिशेबाने घानाच्या एकसदनी संसदेच्या प्रमुखाला ‘अध्यक्ष’ म्हणावे असे वाटते. तरीही मी ‘सभापती’ हाच शब्द सुचवतो, कारण त्या देशात राष्ट्राध्यक्ष आहेत आणि आपली वर्तमानपत्रे दुसऱ्या उल्लेखापासून त्यांना नुसते ‘अध्यक्ष’ करून टाकतात. त्यातून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघेही काम करण्यास असमर्थ असतील तर घानाची घटना ते काम संसदेच्या प्रमुखाकडे सोपवते; अशा वाक्यात ‘अध्यक्षांनी अध्यक्षांचा कार्यभार स्वीकारला’ असे लिहिण्याची वेळ येईल.

सभापती कसे होतात हेही वेगळे आहे. आपल्याकडे आमदारच विधानसभेचा अध्यक्ष होतो, तो आमदार राहतो आणि मते समसमान झाली तर निर्णायक मत देतो. घानात सभापती संसदेबाहेरून निवडता येतो. सदस्यच निवडला गेला तर त्याची जागा रिकामी होते, आणि सभापतीला पहिलेही मत नाही व निर्णायकही नाही. हा तपशील घटनेच्या कलमांत पडून राहिला असता, पण २०२० च्या डिसेंबरमध्ये निकाल असा लागला की सत्ताधारी न्यू पेट्रिऑटिक पार्टीला (एनपीपी) १३७, विरोधी एनडीसीला १३७ आणि एक अपक्ष. राष्ट्राध्यक्ष एनपीपीचे निवडून आले होते. ७ जानेवारी २०२१ उजाडण्याच्या रात्री सभापतीच्या निवडीवरून सभागृहात धक्काबुक्की झाली, एका सदस्याने मतपत्रिका पळवण्याचा प्रयत्न केला, सैनिक सभागृहात शिरले आणि अखेर बागबिन सभापती झाले. चौथ्या प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्षांच्या विरोधी पक्षातला सभापती होण्याची ही पहिलीच वेळ होती. १३७-१३७ अशा सभागृहात मत नसलेला सभापती आणि मताचा हक्क असलेले उपसभापती यांचे महत्त्व किती, हे मार्च २०२२ मध्ये दिसले, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पीठासनावर बसलेल्या उपसभापतीलाही सदस्य म्हणून मत देता येते. आपले टिपण या घटनांना पोहोचण्यापूर्वीच ‘सभापतीला मत नसते’ हे वाक्य येऊन गेलेले असावे. नाहीतर वाचकाला भांडण दिसते, भांडणाचे कारण दिसत नाही.

बहुमत असलेल्या गटाच्या संसदेतील नेत्याला आपल्या विधिमंडळात तंतोतंत जोड नाही. सुदैवाने नाशिककरांना ‘सभागृह नेता’ हे पद महापालिकेमुळे माहीत आहे आणि अर्थाने ते बरेच जवळ जाते, म्हणून मी ‘बहुमतातील गटाचे नेते’ असे एकदा लिहून पुढे ‘सभागृह नेते’ वापरू देतो. दुसऱ्या बाजूला ‘विरोधी पक्षनेते’ लिहायला हरकत नाही, फक्त २०२१ ते २०२५ या संसदेबाबत ‘अल्पमत’ शब्द वापरताना एका अपक्षाने पारडे झुकवले होते हे विसरू नये. बागबिन आधी विरोधी बाकांवरील गटाचे नेते होते आणि २००९ मध्ये पक्ष सत्तेत येताच बहुमतातील गटाचे नेते झाले. पक्ष बदलला नाही, बाक बदलले. पुढे २०१० पासून ते जलसंपत्ती, बांधकाम व गृहनिर्माण खात्याचे मंत्री आणि २०१२ मध्ये आरोग्यमंत्री होते, या सर्व काळात नाडोलीची जागा त्यांच्याकडेच होती, आणि २०१७ ते २०२१ ते द्वितीय उपसभापती होते.

पक्षांच्या नावांचे भाषांतर करू नये, हे मी विनंतीवजा नव्हे तर ठामपणे सांगतो. नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसचे ‘राष्ट्रीय लोकशाहीवादी काँग्रेस’ केले की दोन ओळींत वाचकाच्या मनात आपल्याकडचे घड्याळ टिकटिकू लागते. पूर्ण नाव एकदा देवनागरीत, त्यानंतर एनडीसी, एनपीपी.

‘पक्षांतर’ आणि ‘अपात्रता’ हे शब्द मात्र महाराष्ट्राला अलीकडे तोंडपाठ झाले आहेत, आणि नेमके म्हणूनच तिथे सावध राहावे. घानाच्या घटनेचे ९७ वे कलम आपल्या दहाव्या परिशिष्टासारखे वाटते, पण त्यावरून झालेला वाद निराळा होता. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी बागबिन यांनी चार सदस्यांच्या जागा रिकाम्या झाल्याचे जाहीर केले, कारण ते त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून किंवा दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहणार होते. प्रश्न असा होता की पुढच्या संसदेसाठी दुसरीकडून अर्ज भरल्याने चालू संसदेतील जागा जाते का. १२ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने सभापतींचा निर्णय रद्द केला. इथे निकालाची बाजू घेण्याची गरज नाही. मात्र २०२० मध्ये आधीच्या सभापतींनी अशाच कारणावरून एक जागा रिकामी ठरवली होती, ती फोमेना मतदारसंघाची, आणि २०२४ च्या चौघांत तेच फोमेनाचे सदस्य पुन्हा होते, हे सांगितल्याशिवाय वाचकाला प्रकरण अर्धेच कळेल.

कामाचे मोजमाप

‘यांनी किती विधेयके मांडली?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. घानाच्या सदस्याला तो लावणे अन्यायाचे आहे. घटनेचे १०८ वे कलम कर किंवा सरकारी खर्चाचा बोजा येणारे प्रस्ताव राष्ट्राध्यक्षांच्या वतीनेच मांडता येतात असे सांगते, आणि कोणत्या विधेयकाला खर्च लागत नाही? त्यामुळे समित्यांकडे वळावे. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद तिथे सत्तेबाहेरच्या पक्षाकडे असते. नियुक्ती समिती मंत्रिपदासाठी नाव सुचवलेल्या प्रत्येकाची जाहीर चौकशी करते. आपल्याकडे तसे काहीच नाही. त्या सुनावणीत व्यक्तीला शिक्षण, मालमत्ता, जुनी विधाने यांविषयी तोंडावर विचारले जाते, म्हणून चरित्र लिहिणाऱ्यासाठी तिचा वृत्तांत म्हणजे आयती शिदोरी आहे.

पुराव्याचा क्रम मी असा लावतो: संसदेचा अधिकृत कामकाज वृत्तांत पहिला, निवडणूक आयोगाचे निकाल दुसरे, न्यायालयाचा निर्णय असेल तर त्याची मूळ प्रत, आणि वर्तमानपत्रे त्यानंतर. पक्षाने काढलेले परिचयपत्रक जन्मगावाखेरीज कशासाठीही वापरू नये. फ्रेंचभाषक देशांत सरकारी राजपत्र फार उपयोगी पडते. भाषा येत नसेल तरी नाव, पद आणि तारीख एवढे वाचता येते.

नावांच्या उच्चारासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. फ्रेंच पद्धतीच्या लेखनातील ‘ओयू’ ही जोडी पुढे स्वर आला की बहुधा ‘व’ होते, म्हणून बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू. ‘ओउआगाडोउगोउ’ असे छापलेले मी पाहिले आहे. घानातील अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडते: क्वामे शनिवारचा, कोफी शुक्रवारचा, याव गुरुवारचा. हे आडनाव नव्हे, त्यामुळे अकारविल्हे यादीत ‘क्वामे’खाली नोंद करू नये. बागबिन उत्तरेकडचे आहेत, तिथली नावे निराळी.

शेवटी तारखांकडे एकदा पाहून घ्यावे. चालू कारकिर्दीविषयी ‘सध्या’, ‘विद्यमान’, ‘नुकतेच’ हे शब्द काढून त्यांच्या जागी साल घालावे: ‘७ जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा सभापती’. टिपण दोन वर्षांनी कोणी उघडले तरी हे वाक्य बदलावे लागणार नाही, आणि पुढची ओळ लिहिण्यासाठी खाली जागा रिकामी राहील.